जीपचे मागले दार
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आपल्या वर्धापनदिनाला दरवर्षी कुणी पाककृतींवर बोलते, कुणी बालसंगोपनावर, तर कुणी आपल्या यात्रेची हकीकत सांगते. यंदा चिटणीसबाई मला म्हणाल्या, "तुम्ही जीपचे दार करवून घेतलेत ना, त्यावरच चार शब्द बोला." मी सातवीपर्यंत शिकलेली, घरकाम सांभाळून चार बायकांचे ब्लाउज शिवणारी बाई. लोखंड, पत्रा, बिजागऱ्या हा विषय पुरुषांचा, त्यावर मी काय बोलणार, असे प्रथम मनात आले. पण नंतर वाटले, जीपमध्ये पुढे कोण बसते? चालवणारा आणि घरातले एखादे कर्ते माणूस. मागे कोण बसते? आपण, आपली मुले, म्हातारी माणसे आणि बाजाराच्या पिशव्या. मग मागल्या दाराचा विचार मागे बसणारीने केला, तर त्यात नवल ते काय?

जीप ही मुळात लढाईची गाडी. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ ते १९४५ या काळात, अमेरिकेत अशा सुमारे साडेसहा लाख जीपा तयार झाल्या. त्या गाडीला वर नुसते कापड होते आणि मागची बाजू पत्र्याने बंद होती. शिपाई तरणेबांड. ते बाजूने उडी मारून चढत आणि उडी मारून उतरत. त्यांना दाराची गरज नव्हती. लढाई संपत आली तेव्हा, १९४५ साली, विलीज कंपनीने शेतकऱ्यांसाठी जीप काढली. तिला मागे खाली पडणारा फाळका दिला, तोही बी-बियाणे आणि अवजारे चढवण्यासाठी. पुढे स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबईत महिंद्र कंपनीने विलीजच्या जीपांची जुळणी सुरू केली आणि ही गाडी आपल्या घाटांत, रानांत, खेडोपाडी पोचली. थार नावाची जीप २०१० साली निघाली, तिलाही कापडी हूडच होते. २०२० साली आलेल्या नव्या थारला मात्र कारखान्यातूनच कठीण टप मिळू लागला. हा इतिहास सांगण्याचे कारण एवढेच की, जीपची मागची बाजू आधी शिपायासाठी आणि मग पोत्यासाठी बेतलेली होती. लुगडे नेसलेल्या, कडेवर मूल घेतलेल्या बाईसाठी ती कुणी बेतलीच नव्हती.

आमची जीप जुनी, समोरासमोर दोन बाकांची. वर कापडी हूड, मागे खाली फाळका आणि त्यावर सोडलेला कापडाचा पडदा. ज्यांनी अशा जीपमध्ये मागे बसून प्रवास केला आहे, त्यांना तिथल्या धुळीची वेगळी ओळख करून द्यायला नको. घरी पोचेपर्यंत केस पांढरे होतात. मला फार दिवस कोडे होते की, गाडी तर पुढे धावते आहे, मग मागची धूळ आत कशी येते? ती मागेच राहायला हवी. याचे उत्तर मला माझ्या मुलाने समजावून सांगितले. जीपची पाठ चौकोनी, सपाट. गाडी वेगाने पुढे गेली की तिच्या पाठीशी हवेची पोकळी पडते आणि ती भरायला आजूबाजूची हवा गरगरत मागून आत शिरते. तिच्याबरोबर चाकांनी उडवलेली धूळ येते, आणि सायलेन्सरचा धूरही येतो.

भगिनींनो, धूळ झटकता येते, पण धुराचे तसे नाही. इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू असतो. पेट्रोलच्या गाडीच्या धुरात तो जास्त असतो, डिझेलच्या धुरात कमी. त्याला रंग नाही की वास नाही. तो रक्तात प्राणवायूची जागा घेतो. आधी डोके दुखते, मळमळते, गुंगी येते. आपण म्हणतो, "हिला गाडी लागली." प्रत्येक वेळी गाडीच लागलेली असते असे नाही. आणि पुढच्या काचा बंद, मागे पडदा अर्धवट उघडा, ही स्थिती सर्वांत वाईट. म्हणून लक्षात ठेवावे की, वारा पुढून आत घ्यावा आणि मागे फट ठेवू नये. मागले दार घट्ट हवे ते यासाठी. थंडीवारा आणि चोरी हे प्रश्न त्यानंतरचे.

आमच्या घरी हे पटले. हूड काढून पत्र्याचा टप घातला, फाळका उतरवला, आणि तालुक्याच्या गावी एका कारखान्यात मागे पत्र्याचे दार बसवून आणले. दिसायला दार सुबक होते. पण ते करताना मागे बसणाऱ्या आम्हा बायकांना कुणी काही विचारले नव्हते. त्याला बाहेरून कडी आणि कोयंडा होता. आतून काहीच नव्हते.

त्याच वर्षी श्रावणात आम्ही सातजणी मंगळागौरीहून परतत होतो. सासूबाई बरोबर होत्या, शेजारची सून सात महिन्यांची गरोदर होती. ओढ्याच्या फरशीवर पाणी होते आणि तिथेच जीप बंद पडली. भाऊजी ट्रॅक्टर आणायला वाडीकडे गेले. वर डोंगरात पाऊस कोसळत होता. बघता बघता पाणी वाढले आणि जीपच्या तळाला लागले. आम्ही दार ढकलले, पण कडी बाहेरून. पुढच्या आसनांवरून ओलांडून जाणे सासूबाईंना शक्य नव्हते, त्या गरोदर मुलीला तर मुळीच नाही. शेवटी माझी नऊ वर्षांची पुतणी आसनांच्या फटीतून पुढे सरकली, चालकाच्या बाजूने खाली उतरली आणि गाडीला धरून पाण्यातून मागे जाऊन तिने कडी काढली. आम्ही हातात हात धरून काठाला लागलो. कुणाला काही झाले नाही, ही देवाची कृपा. पण त्या रात्री मला झोप आली नाही. ज्या पोरीला आम्ही सांभाळायचे, तिला आमच्यासाठी पाण्यात उतरावे लागले, हेच डोळ्यांपुढे येत होते.

दुसऱ्या दिवशी मी घरात सांगितले की, हे दार बदलायचे आणि नवे दार मी बेतणार. आमचे हे हसले नाहीत. म्हणाले, "बेत. वेल्डर मी आणतो." त्यानंतर दिवाळीपर्यंतचे दोन महिने मी त्या दारात घालवले. त्यात जे शिकले ते तुमच्यापुढे मांडते.

पहिली गोष्ट मापाची. ब्लाउज जसा दुसरीच्या मापाने बसत नाही, तसे एका जीपचे दार दुसरीला बसत नाही. जुन्या गाडीचे अंग वर्षानुवर्षे घाट चढून पिळवटलेले असते. आमच्या टपाच्या तोंडाची रुंदी वर १०२ सेंटिमीटर भरली, खाली १०४. उंची ११५. मग आडवे कर्ण मोजले, वरच्या डाव्या कोपऱ्यापासून खालच्या उजव्यापर्यंत आणि तसेच उलट. चौकट सरळ असेल तर दोन्ही कर्ण सारखे भरतात. आमचे सारखे नव्हते. म्हणजे चौकट एका अंगाला कललेली होती. वेल्डर सुरुवातीला गुण्या लावून काटकोनात दार करायला निघाला होता. मी त्याला म्हटले, "बाबा, दार काटकोनात झाले आणि तोंड काटकोनात नसले, तर फट कुठे जाईल?" दार गुण्याला नव्हे, तोंडाला जुळायला हवे.

म्हणून मी पुठ्ठ्याचा नमुना केला. फ्रिजच्या खोक्याचे दोन मोठे तुकडे घेतले, एकावर एक सरकवत दोन्ही कडांना भिडवले आणि तिथेच चिकटपट्टीने जोडले. कोपऱ्यांच्या गोलाया तुकडे लावून लावून साधल्या. नमुन्यावर "बाहेर", "आत", "वर", "डावे" असे मोठ्या अक्षरांत लिहिले. शिवणकाम करणारीला हे सांगायला नको. नमुना उलटला की दोन्ही बाह्या एकाच हाताच्या होतात. पुठ्ठा फुकट मिळतो आणि चुकला तर बंबात जातो. पत्रा एकदा कापला की परत जुळत नाही.

माप घेताना गाडी सपाट जागी होती. पण जीप काही सपाट जागी धावत नाही. म्हणून आम्ही एका मागल्या चाकाखाली विटा रचल्या, चाक वर चढवले आणि कर्ण पुन्हा मोजला. तो ४ मिलिमीटरने बदलला. दार तोंडाशी अगदी घट्ट केले असते, तर खड्ड्यात गाडी पिळली की ते अडकले असते, नाहीतर खडखडले असते. म्हणून चारी बाजूंना ६ मिलिमीटर फट सोडली आणि ती भरून काढायला आतून पोकळ रबराची पट्टी लावली. दार लागले की ती पट्टी साधारण तिसरा हिस्सा दबावी. कमी दबली तर धूळ येते, फार दबली तर दार लावायला लाथ मारावी लागते.

दुसरी गोष्ट वजनाची. लोखंडाचा १ मिलिमीटर जाडीचा पत्रा दर चौरस मीटरला सुमारे ७.८५ किलो भरतो. तेवढाच अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा २.७ किलो भरतो. काच दर मिलिमीटर जाडीला चौरस मीटरमागे अडीच किलो. आमची चौकट २५ मिलिमीटरच्या चौकोनी पाइपाची, वर पत्रा आणि ७५ बाय ४० सेंटिमीटरची काच. सगळे धरून वजन अठरा किलोच्या आसपास गेले. अ‍ॅल्युमिनियमचा मोह झाला होता. पण तो लोखंडाला वेल्डिंगने जोडता येत नाही, रिव्हेट मारावे लागतात. आणि दोन्ही धातू एकमेकांना भिडून राहिले की ओलाव्यात अ‍ॅल्युमिनियम सडू लागतो. मध्ये रबर किंवा रंगाचा जाड थर द्यावा लागतो. आमच्याकडे चार महिने पाऊस. म्हणून लोखंडच घेतले.

हे अठरा किलो बिजागऱ्यांनी पेलायचे. इथे मुलाच्या गणिताचा उपयोग झाला. दार बंद असो वा उघडे, त्याचे वजन वरच्या बिजागरीला बाहेर ओढत असते. दोन बिजागऱ्यांमध्ये ४० सेंटिमीटर अंतर असेल, तर आमच्या दाराने वरच्या बिजागरीवर सुमारे २३ किलोची ओढ पडते. अंतर ८० केले की ती निम्मी होते. लोखंड तेच, खर्च तोच, फक्त बिजागऱ्या दूर दूर लावायच्या. मात्र दोन्ही एका रेषेत हव्यात. आमच्या वेल्डरने दोन्ही बिजागऱ्यांतून एक सरळ सळई ओवली आणि मगच टाके मारले. स्टेपनी दाराला टांगण्याची फॅशन आहे, पण वीस-पंचवीस किलोचे चाक टांगायचे तर चौकट, खांब आणि बिजागऱ्या सगळेच भारी करावे लागते. आमची स्टेपनी बाजूला आहे, ती तिथेच राहू दिली.

दार एकपाखी करायचे की दुपाखी, यावर घरात बराच वाद झाला. दुपाखी दाराला मागे जागा कमी लागते, पण मध्ये एक फट वाढते आणि आरशात बघताना मधला दांडा आड येतो. वर उचलायच्या झडपेला टेकू लागतो आणि टेकू सुटला तर डोक्यावर येते. आम्ही एकपाखी केले आणि बिजागऱ्या उजव्या खांबाला लावल्या. याचे कारण ध्यानात घ्यावे. आपल्याकडे गाडी रस्त्याच्या डाव्या अंगाने चालते, उतरणारीने डाव्या कडेला जायचे असते. उजव्या बिजागरीचे दार उघडले की डावी बाजू मोकळी राहते आणि दार रहदारीकडून आडोशासारखे उभे राहते. पण ते काटकोनापलीकडे फिरले तर स्वतःच रहदारीत जाते. म्हणून आतून जाड पट्टा लावून त्याला तिथेच अडवले.

तिसरी गोष्ट पाण्याची. कौलारू घरात वरचे कौल खालच्या कौलावर चढते, हे आपण रोज बघतो. दाराचेही तसेच. वरचा पत्रा खालच्यावर यायला हवा, उलटा नको. दाराच्या माथ्यावर टपाला एक लहानशी पन्हळ काढली, म्हणजे छपराचे पाणी दाराच्या सांध्यात न येता बाजूला जाते. आणि दाराच्या तळाला भोके पाडली. वेल्डर म्हणाला, "ताई, भोकांतून पाणी आत येईल." मी म्हटले, आत शिरलेले पाणी बाहेर जाण्यासाठी ती आहेत. पाणी कितीही अडवले तरी थोडे शिरतेच, आणि ते तळाला साचले की पत्रा आतून कुजतो. भोके पाडल्यावर आत-बाहेर रेड ऑक्साईड, मग रंग.

दार बसल्यावर मी रबरावर खडू घासला, दार लावले आणि उघडले. चौकटीवर खडूची रेघ जिथे तुटली होती, तिथे रबर टेकत नव्हते. दोन जागा सापडल्या, त्या दुरुस्त केल्या. मग वर्तमानपत्राची पट्टी दारात धरून चारी बाजूंनी ओढून पाहिली. शेवटी मी विजेरी घेऊन आत बसले आणि मुलाने बाहेरून नळीने पाणी सोडले. कुठलीही भगिनी ही परीक्षा घेऊ शकते. तिला शिक्षण लागत नाही, चिकाटी लागते.

चौथी गोष्ट, आणि माझ्या मते सर्वांत मोठी, खटक्याची. साधी कडी खड्ड्यात उडते. मोटारीच्या दाराचा खटका दोन टप्प्यांत लागतो. पूर्ण लागला नाही तरी पहिल्या टप्प्यात अडकून राहतो आणि दार एकदम उघडत नाही. जुन्या गाड्यांच्या बाजारात तसा चांगला खटका मिळाला. त्याला बाहेरून एक मूठ आणि आतून एक मूठ केली. आतली मूठ कशी हवी, हे ठरवायला मी सासूबाईंना, माझ्या पुतणीला आणि शेजारच्या सुनेला बाकावर बसवले. तोवर तिचे बाळ तिच्या मांडीवर आले होते. डोळे मिटून, एका हाताने मूठ सापडली पाहिजे आणि वळली पाहिजे, कारण दुसऱ्या हातात मूल असते. पण लहान मुलाच्या खेळात ती उघडता कामा नये. म्हणून मूठ बसलेल्या बाईच्या खांद्याच्या उंचीवर घेतली, खाली दाबून नव्हे तर वर उचलून उघडेल अशी केली आणि भोवती पत्र्याची आडकाठी दिली.

उतरताना धरायचा दांडा दाराला लावू नये. दार हलते आणि धरणारी पडते. तो टपाच्या खांबाला लावला. खाली एक रुंद पायरी दिली, तिला खरखरीत पत्रा, म्हणजे ओली चप्पल घसरत नाही. पायरीला टोकदार कोपरा ठेवला नाही, लुगड्याचा काठ अडकतो. या गोष्टी कुठल्या नकाशात नसतात. त्या उतरणारीलाच ठाऊक असतात.

आता कायद्याचे दोन शब्द. दार आवडले म्हणून कुणी उद्याच वेल्डर बोलावू नये. मोटार वाहन कायदा, १९८८, याच्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल गाडीत करता येत नाही, आणि २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानेही हे स्पष्ट केले आहे. म्हणून आमच्या घरच्यांनी आधी परिवहन कार्यालयात जाऊन काय चालते, काय नाही, ते विचारून लेखी घेतले आणि मगच काम सुरू केले. दारामुळे मागचे दिवे आणि नंबराची पाटी झाकली जाता कामा नये. काच सुरक्षा काचच हवी. खिडकीच्या तावदानाची साधी काच फुटली तर सुऱ्यांसारखे तुकडे होतात. १९८९ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे मागच्या काचेतून निदान ७० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे, तेव्हा काळी काच नको.

मैत्रिणींनो, आपल्यापैकी पुष्कळजणींच्या घरी जीप नाही. पण वडापच्या जीपमध्ये आपण सगळ्याच बसतो, आपली मुले अशाच गाड्यांतून शाळेला जातात. माझी विनंती एवढीच आहे की, मागे बसताना तीन गोष्टी पाहाव्या. दार आतून उघडते का? आत धुराचा वास येतो का, डोके जड होते का? दार नीट लागते, की दोरीने बांधले आहे? यांपैकी काही चुकत असेल, तर गप्प न बसता चालकाला सांगावे. एकटीने सांगितले तर तो हसेल. मंडळाच्या दहा बायकांनी सांगितले तर ऐकेल. शाळेच्या गाड्यांपुरते हे काम आपल्या मंडळाने यंदा हाती घ्यावे, अशी सूचना मी अध्यक्षीणबाईंपुढे ठेवते. मोजपट्टी माझ्याकडे आहे, खडूही आहे.

दार करणे हे लोहाराचे काम खरे, पण ते कुणासाठी आणि कसे उघडायचे, हे सांगणे आपले काम आहे. आपण सांगितले नाही, तर ते शिपायासाठी नाहीतर पोत्यासाठीच होत राहील.